थोरल्या जावेला घर सांगते

ढवळी व्याली.

आधी हेच सांगायचं असतं ना, आक्का? ढवळी व्याली, दोन करडं झाली, दोन्ही माद्या. एकीच्या कपाळावर पांढरा टिळा हाय, दुसरी निव्वळ काळी. काळी उठायलाच तयार नव्हती. तिच्या तोंडात बोट घातलं तवा कुठं चोखायला लागली. आता दोघी अंगणात अशा उड्या मारायल्यात की घडीभर कुणाला बसू देत न्हाईत.

बघ, सांगितलं. मी बारवेच्या पायरीवर बसलेय, तू बसायचीस त्याच पायरीवर, आन् तुला जाऊन महिना होत आला. हसायचं असंल तर हास. आठ वर्सं तू मला हितं ये म्हणत आलीस आन् आठ वर्सं मी तुला त्यापायी शिव्या देत आले. आज आले. पण माझा राग गेला म्हणून आले न्हाई, हे आधीच सांगते. उद्या सकाळी ही बारव बुजवणार हायत. वर काठाला मुरमाचा ढीग पडलाय, गाड्या सांगून ठेवल्यात. आन् पाटलाच्या दारात जाऊन, 'बुजवा एकदाची' असं मीच म्हणून आले. तवा निरोप घ्यायला आलेय असं समज.

दिवेलागणीची येळ हाय. पाणी काळं पडलंय. शेळ्या वर उभ्या हायत, कुणी चरत न्हाई, कुणी ओरडत न्हाई, सगळ्यांचे कान खाली पाण्याकडं. मी त्यांच्याकडं बघणार न्हाई. मी माझं सांगून उठणार.

घर सांगायचं म्हणजे तुझा हातखंडा, बाई. आपले बाप्ये दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदागंगेच्या काठाला निघतात, पार राणीसावरगावाकडं, लोकांच्या रानात मेंढरं बसवत, आन् शिमग्याच्या आसपास परततात. आलेल्या माणसानं काही इचारायचं न्हाई, ही आपली रीत. घोंगडं टाकायचं, पाण्याचा तांब्या द्यायचा, आन् घरातल्या थोरल्या बाईनं समोर बसून घर सांगायचं. आधी जे जन्मलं ते. मग पिकलं काय, कोण आलं, कोण हसलं. वाईट असंल ते सगळ्यात शेवटी. घर सांगून झालं की माणूस घरी आला असं धरायचं, तोवर तो पाव्हणाच.

मी नवी नवरी होते तवा तुझं ते सांगणं ऐकून माझं डोकं दुखायचं. भाकरी गार व्हायच्या, बाप्ये भुकेनं कळवळायचे, आन् तू मांजरानं शिंक्यावरचं लोणी कसं खाल्लं ते हातवारे करून सांगायचीस. "अगं, आता वाढ की!" भावजी म्हणायचे. "थांबा की, अजून मांजर खाली उतरलं न्हाई," तू म्हणायचीस. मला वाटायचं, काय बाई ही! मी याच घरात राहते, याच चुलीपुढं बसते, मला तर राखेबिगर काही दिसत न्हाई. हिच्याच दिवसात येवढं कसं घडतं?

माझी भागू मात्र तुझ्याच मांडीवर. तुला लेकरू झालं न्हाई आन् मला झालं तर ते बी तू पळवलंस, असं मी गमतीनं म्हणायची. चिंचोके फोडून त्यांच्या फाका करायच्या, त्या भुईवर उधळायच्या, उताण्या किती, पालथ्या किती, यावरून तुमचा दोघींचा डाव दुपारभर चालायचा. आन् तू काही बी सांग, भागूचं एकच ठरलेलं. "मग?" मांजर खाली उतरलं. "मग?" मग निजलं. "मग?" मग तुझं डोकं! तवा कुठं हसायची.

पोलीस अॅक्शनच्या साली सगळं गाव रानात जाऊन लपलं होतं, तुला काय सांगायचं. आधी रजाकारांचं भ्याव, मग मिलिटरीचं. कुणाच्या घरात काय झालं, कुणाच्या घरात काय न्हाई. आपल्या घराला कुणाचा हात लागला न्हाई. आपण धडधाकट परत आलो, चूल सारवली, मी पहिली भाकर तव्यावर टाकली. देवानं वाचवलं म्हणून तू अंगणात रांगोळीचे दोन ठिपके काढलेस. आन् त्याच सांजच्याला भागू बारवेकडं पळाली. लय दिवसांनी पाणी बघायचं होतं तिला. पायरीला शेवाळ होतं. येवढंच झालं. कुणी ढकललं न्हाई, कुणी चुकलं न्हाई. कुणाला तरी शिव्या द्यायला मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं, पण शेवाळाला काय शिव्या द्यायच्या?

गावानं या बारवेचं पाणी सोडलं. मी हितली वाट सोडली. आन् तू? तू महिन्याभरात शेळ्या याच वाटेनं आणायला लागलीस. सांजच्याला घरी यायला तुला उशीर व्हायला लागला. एकदा इचारलं तर म्हणलीस, "भागूला घर सांगून आले."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं, आठवतंय?

"मेलेल्याला घर सांगत न्हाईत, आक्का."

"काहून? ती बी लांबच गेलीय की. बाप्यांना सांगतो, तिला का न्हाई?"

"घर सांगितलं की माणूस घरी येतंय!"

"मग येऊ दे की," तू म्हणलीस, अगदी जोंधळे निवडता निवडता. "तिचंच घर हाय."

त्या दिवसापास्नं मी दिवेलागणीला दाराला आतनं कडी लावायला लागले. तू येऊन दार वाजवायचीस तर मी आधी इचारायची, "कोण?" तू म्हणायचीस, "मी एकटीच हाय गं." ते 'एकटीच' ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. आन् खरं सांगू? त्या काट्याच्या खाली आणखी काही असायचं. कडी काढताना मी तुझ्या मागं बघायची. कुणी नसायचं. मला तुझा राग यायचा तो कशाचा, भागूला बोलावतीस म्हणून का एकटीच येतीस म्हणून, हे मला आजवर उमगलं न्हाई.

एकदा मी वरच्या लिंबाआड उभी राहून बघितलं. तुला ठावं नसंल. तू या पायरीवर बसून बोलत होतीस, काय ते ऐकू येत न्हव्हतं. पण शेळ्यांचे कान मला दिसत होते. तू बोलत होतीस तवा ते तुझ्याकडं होते. तू गप झालीस की सगळ्या कळपाचे कान एकदम पाण्याकडं वळायचे. जरा येळ तसेच राहायचे. मग तू हसून काही तरी उत्तर द्यायचीस आन् कान परत तुझ्याकडं. तू येडी असशील असं मी गावभर म्हणत होते, पण शेळ्या कशाला येड्या होतील? मी तिथनं जी निघाले ती घरात येऊन गोधडी घेऊन पडले. ताप आलाय म्हणले.

आन् तू थांबलीस का? न्हाई! एका सांजच्याला येऊन म्हणलीस, "काशे, ती इचारायलीय. तिच्या चिंचोक्याच्या फाका कणगीच्या बुडाशी ठेवल्यात, त्या कुणी घेतल्या का म्हणून."

"तूच ठेवल्या असशील. तूच खेळायचीस तिच्यासंगं."

"मी न्हाई गं बाई. कुठं लपवायची ते तिनं मला कवा दाखवलंच न्हाई. बघ की जरा."

मी बघितलं न्हाई. जोंधळ्याची ती कणगी वर्साला भरायची आन् वर्साला रिकामी व्हायची, पण तिच्या बुडाला मी हात घातला न्हाई. फाका नसत्या तर तू खोटी ठरली असतीस. असत्या तर तू खरी. मला दोन्ही नको होतं. त्या कणगीवरनं आपलं किती भांडण झालं! तू गेलीस तरी ते भांडण मिटलं न्हाई.

पण मला खरा झोंबला तो तुझा दुसरा सवाल. तू माझी येणी घालत होतीस. मी म्हणाले असेन काही तरी, जीव कटाळला म्हणून. तू म्हणलीस, "काशे, आजच्या दिसाचं एक सांग. एकच."

"काय सांगू? दळलं, सारवलं, शेळ्या पिळल्या, भाकरी केल्या."

"ते तर केलंस. दिसलं काय?"

काय दिसलं होतं मला? लेकरू गेलं तवापास्नं सकाळ कुठून यायची आन् सांज कुठं जायची, मला पत्ता नसायचा. जेवले का न्हाई ते हात धुताना आठवायचं न्हाई. मी तुझ्या हातातनं केस ओढून घेतले आन् म्हणले, "तुझं लेकरू गेलं असतं म्हणजे कळलं असतं, काय दिसतं ते." तू फणी खाली ठेवलीस. मला वाटलं आता रडशील, न्हाई तर मारशील. तू म्हणलीस, "मला बी काही दिसत न्हव्हतं, काशे. पण सांजच्याला ती इचारती. रिकाम्या हातानं कसं जायचं? म्हणून दिसभर बघत राहते." आन् परत फणी उचललीस. मी केस परत तुझ्या हातात दिले, पण बोलले न्हाई. बोलायला पाहिजे होतं. निदान हं तरी म्हणायला पाहिजे होतं.

तुझी छाती भरली ती या माघात. जिंतूरच्या दवाखान्यात नेलं, सुया टोचल्या, घरी आणलं. भागूचा बाप औंदा घरीच राहिला होता, त्यानं राणीसावरगावाकडं भावजींना निरोप धाडला, पण मेंढरांचा तळ हलला होता, माणूस हात हलवत परत आला. शेवटच्या सांजच्याला तू डोळे उघडलेस.

"सांज झाली का गं?"

"झाली."

"काशे, तिला घर सांगून ये. वाट बघत असंल."

"न्हाई. आक्का, काही बी माग, ते न्हाई."

तू माझ्याकडं बघितलंस. रागानं न्हाई. दमलेला माणूस जसा चप्पल शोधतो तसं तू पाय खाली घेतलेस आन् म्हणलीस, "बरं. मग मीच जाते."

दिवा लावून मी वळले तवर तू गेली होतीस. पाय तसेच खाली, भुईला टेकलेले. बायांनी ते सरळ केले तवा मी बाहेर उभी होते. मला तळवे बघायचे न्हव्हते. ओले असते तर मी काय केलं असतं?

दुसऱ्या दिसापास्नं शेळ्यांनी छळ मांडला. त्यांना कुठल्या बी वाटेनं आणा, दिवेलागणीला त्या हितं काठावर येऊन उभ्या. भागूच्या बापानं काठी मारली, पाला दाखवला, ढवळीला गळ्याला धरून ओढलं. ढवळी पोटुशी, तिला तरी कसं मारायचं? जागच्या हलल्या न्हाईत. कान पाण्याकडं. अंधार पडला की आपल्या आपण घरी. गावात बोभाटा झाला. बाया म्हणायल्या, आधी एक होती, आता दोघी झाल्या. पोरांना या बाजूला फिरकू देईनात. मग मीच पाटलाकडं गेले. पाटील म्हणले, "थोरली होती तवर तिनं बुजवू दिली न्हाई, आता तुझी तक्रार नसंल तर आमाला काय." माझी कशाची तक्रार? लेकरू गिळलं, जाऊ गिळली, तिला मुरमानं तोंडापतुर भरा म्हणले.

आन् परवा भावजी आले.

ऊन कलताना आले. खांद्यावरचं घोंगडं, हातात काठी, पायाला गंगेकाठचा गाळ वाळून पांढरा झालेला. मी आत होते. भागूचा बाप अंगणात कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, तोंड भिंतीकडं. मोठा बाप्या म्हणायचा! मग मी घोंगडं टाकलं. तांब्या भरला. पदर पुढं ओढला. तुला ठावं हाय, या घरात आल्यापास्नं मी भावजींच्या समोर तोंड वर करून बोलले न्हाई. ते बसले. एकदा चुलीकडं बघितलं, एकदा माझ्या हातातल्या तांब्याकडं. तांब्या दरवर्सी तू द्यायचीस. त्यांनी काही इचारलं न्हाई, रीतच न्हाई इचारायची. मी समोर बसले आन् घर सांगायला लागले.

ढवळी व्याली, म्हणले. दोन करडं.

शेवटाला काय हाय ते मला ठावं होतं, आक्का, आन् मला तिथं जायचं न्हव्हतं. म्हणून मी सांगतच राहिले. काळं करडू कसं उठेना ते सांगितलं. जोंधळा बरा झाला, कणसं हाताला जड लागत होती. शेजारच्या वेणूच्या लेकराला दात आलाय आन् ते ज्याला त्याला चावत सुटलंय. तहसिलातली पाटी बदलली, आता आपण हैद्राबादचे न्हाई, मुंबईचे झालो म्हणतात, पण शेळ्या अजून जिंतूरच्याच बाजारात जायच्यात. हे ऐकून भावजी जरा हसले. मला जोर आला. मग सांगितलं, एका सकाळी धुकं इतकं होतं की ढवळीची घंटी अंगणात वाजायची आन् ढवळी दिसायची न्हाई. सांगितलं, आढ्याला चिमणीनं घरटं केलंय आन् त्यात माझ्या लुगड्याची हिरवी चिंधी हाय, ती मी सोडून दिली. सांगितलं, खळ्यावर एका म्हातारीनं उखाणा घेतला आन् नवऱ्याचं नाव आठवेना. असं किती तरी. मला वाटायचं आता संपलं, तर आणखी एक निघायचं. मी कवा बघितलं होतं हे? आठ वर्सं मला काही दिसत न्हाई म्हणून मी छाती बडवली, आन् डोळ्यांनी गुपचूप सगळं आत नेऊन ठेवलं होतं. त्या चिमणीचं सांगताना तर मला हसू आलं. तू मेलेली, समोर तुझा नवरा, आन् मी हसायले! मला माझीच लाज वाटली. पण ते हसू खरं होतं, आक्का. तुझ्या गळ्याची शपथ, लय दिवसांनी खरं होतं.

सांज झाली. सांगायचं सगळं सरलं. मी गप झाले. आता तेवढं एकच राहिलं होतं.

भावजींच्या हातात तांब्या तसाच भरलेला होता. ते म्हणले, "पोरी, शेवटाला येऊ नको." मग म्हणले, "तांब्या तुझ्या हातात बघितला तवाच मला घर कळलं."

मी पदरात तोंड घातलं. त्यांनी पाणी पिलं, सगळं, एका दमात. आन् उठता उठता, जशी काय एखाद्या शेळीची चौकशी करावी तसं इचारलं, "बारवेला आता कोण सांगतंय?"

म्हणजे त्यांना ठावं होतं! तू त्यांना सांगितलं होतंस, आन् त्यांनी तुला येडी म्हणलं न्हव्हतं. ते बाहेर गेले, मुरमाचा ढीग बघून आले, आन् त्यावर बी काही बोलले न्हाईत.

काल कणगी रिकामी केली. एकटीनं. जोंधळे पोत्यात भरले, कणगी आडवी केली, बुडाला हात घातला. फाका हायत, आक्का. एका चिंधीत बांधलेल्या. आठ वर्सं कणगीच्या बुडाशी पडलेल्या वस्तूला किती धूळ पाहिजे? भुसा पाहिजे, किडे पाहिजेत. काही न्हाई. चिंधी जुनी, फाका मात्र गुळगुळीत, कालच कुणी डाव मांडून उचलाव्या तशा. तू गुपचूप काढून खेळत होतीस का? खेळत असशील तर कुणासंगं? हे भांडण आपलं अजून राहिलंय, ते मी सोडणार न्हाई.

फाका माझ्या ओटीत हायत. आणल्यात. भागू, ऐकतीस का? कुणी घेतल्या न्हाईत गं तुझ्या.

हं. आता शेवटचं.

भावजींना सांगायचं राहिलं ते माझ्या पोटात तसंच अडकून बसलंय, आन् ते कुणाला तरी सांगितल्याबिगर मला भाकर गोड लागणार न्हाई. तुझीच रीत, तुझ्यावरच उलटली बघ. चांगलं सगळं सांगून झालं, आता वाईट ऐक.

तू गेलीस, आक्का.

घर लय मोठं झालंय. भाकरी जास्तीच्या होतात, हाताला सवय हाय. येणी मी आपली आपण घालते, ती वाकडी येते. दाराला कडी लावायची मी सोडून दिली. सांज झाली की दाराकडं कान देऊन बसते, कुणी म्हणंल, 'मी एकटीच हाय गं.' माझ्याशी भांडायला त्या घरात कुणी राहिलं न्हाई. मला तू पाहिजेस. हे मी तुला जिती असताना एकदा बी म्हणले न्हाई, आन् तू बी कवा म्हणवून घेतलं न्हाईस. झालं. येवढंच वाईट.

मी गप झालेय. आता उठायला पाहिजे. अंधार पाण्यातनं वर यायलाय, खालच्या तीन-चार पायऱ्या दिसायच्या बंद झाल्यात. वर बघणार न्हाई म्हणले होते, पण बघितलं. सांगता सांगता शेळ्यांचे कान पाण्यावरनं कवा माझ्याकडं आले होते, मला कळलंच न्हाई. मी गप झाले आन् सगळ्यांचे कान वळले. पाण्याकडं.

"मग?"

कुणाला बी फसंन मी, या आवाजाला फसायची न्हाई. नाकात जरासा, शेवटाला वर चढणारा. पाणी हललं न्हाई. आन् तिच्या मागनं दुसरा, दम लागलेला, खोकून मोकळा केलेला:

"सांग की गं, काशे. मग?"

मला वाटलं होतं, हे ऐकलं तर मी पळून जाईन. पाय जागचे हलत न्हाईत, पण ते भ्यावानं न्हाई.

मग काय! मग उद्या येरवाळी, गाड्या यायच्या आत, मी शेळ्या घेऊन याच पायरीवर येऊन बसणार. टाका म्हणावं मुरूम माझ्या डोक्यावर. भावजी बी येतील, ते बोलले न्हाईत पण त्यांनी काठी दाराशी काढून ठेवलीय. काळ्या करडाला उचलून आणते, तुमी दोघींनी अजून बघितलं न्हाई. आन् दिसभर काय दिसतं ते बघून ठेवते, रिकाम्या हातानं यायची न्हाई.

फाका घ्या. सरकून बसा जरा, मला बी जागा करा. पहिल्यापास्नं सांगते.

ढवळी व्याली.